टाका-दोरा: वाचकांचे प्रश्न, रामबागेतल्या मशीनवरून उत्तरं

यावेळी पत्रं जरा जास्तच आलीत आणि त्यातली निम्मी तरी "ताई, कपाट भरलंय पण घालायला काही नाही" याच दुखण्याची आहेत, म्हणून तिथूनच सुरू करते. नवीन वाचकांसाठी एकदाच सांगते, मी काही फॅशन डिझायनर नाही, इंदूरला रामबागेत घरी खिडकीपाशी सासूबाईंचं पायाचं मशीन आहे, त्याला मोटर लावून घेतलीय आणि त्याच्यावर गेली पंचवीस वर्षं घरच्यांचं, शेजारपाजारच्यांचं शिवते, उसवते, परत शिवते. उसवणं जास्त.

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांची आहे, विजयनगरला आयटीत नोकरी करते. सेल लागला की ऑनलाइन कुर्ते मागवते, चारशे-पाचशेचे, आणि दोन-तीन धुण्यात त्यांची वाट लागते. आई म्हणते एकच घे पण चांगला घे. पण चांगला ओळखायचा कसा? महाग म्हणजे चांगला का?

नाही गं, महाग म्हणजे महाग, एवढंच. मी सीतलामाता बाजारात गेले की पहिलं काम काय करते तर कपडा उलटा करते, म्हणजे आतली बाजू बाहेर. दुकानदार पोरगा म्हणतो मॅडम डिझाइन तो इधर है, मी म्हणते भैया मुझे पता है. सुलट बाजू ही विकण्यासाठी केलेली असते, खरं काय ते आत लिहिलेलं असतं.

आत काय बघायचं? पहिलं म्हणजे टाके. एका इंचात दहा-बारा टाके असले तर ठीक, सहा-सातच असले तर कारखान्याने धागा आणि वेळ दोन्ही वाचवलाय, ती शिलाई काखेत आणि कटच्या टोकाला आधी उसवणार. मग शिलाईच्या दोन्ही बाजूंना धरून हलकं आडवं ओढ, मधे शिडीसारखे धागे दिसायला लागले तर परत ठेवून दे. दुसरं म्हणजे दाब, शिलाईच्या आतलं जादा कापड, किती सोडलाय. आपला टेलर ब्लाउजला आत इंचभर कापड सोडतो ना, पुढे मागे अंगाने भरलीस तर उसवून सैल करता यावं म्हणून, रेडीमेडमध्ये ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टाक्यांच्या, आत काहीच उरलेलं नसतं, म्हणजे तो कपडा आजच्या तुझ्यासाठीच आहे, दोन वर्षांनंतरच्या तुझ्यासाठी नाही. तिसरं, चौकड्याचा किंवा पट्ट्यांचा असेल तर बाजूच्या शिलाईला रेघा जुळतायत का बघ, जुळवायच्या तर कापड जास्त लागतं, ते ज्याने लावलं त्याने बाकीचंही बरं केलेलं असतं, निदान माझा अनुभव तसा आहे.

ऑनलाइन घेताना उलटं करून बघता येत नाही हे खरंय, म्हणून घरी आल्यावर टॅग काढायच्या आधी बघायचं आणि परत करायची मुदत असेपर्यंतच बघायचं. आणि कपडा कशाचा आहे ते बारीक अक्षरात वाच. वर "सॉफ्ट कॉटन फील" लिहिलेलं असतं आणि खाली रेयॉन किंवा व्हिस्कोस. रेयॉन वाईट नाही, अंगावर छान पडतो, पण ओला झाला की त्याची ताकद कमी होते, म्हणून मशीनमध्ये जोरात फिरवला, पिळला, ओला असताना हँगरला लटकवला की लांब होतो, शिलाईपाशी ताणतो. तुझे दोन-तीन धुण्यात गेलेले कुर्ते बहुतेक असेच असणार, ते कुर्ते अगदीच टाकाऊ नव्हते, त्यांना बादलीत हाताने धुवायला हवं होतं. शंका असेल तर आतल्या दाबातून एक धागा काढ, चिमट्यात धरून बशीवर जाळ. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती नाहीतर रेयॉन, केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी काळी गुठळी म्हणजे रेशीम किंवा लोकर, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. जाळताना ओढणी आवरून घे, हे आपलं मी सांगते, कारण मी एकदा आवरली नव्हती.

आता किमतीचं. साधा कुर्ता, अस्तर नाही, चेन नाही, तरी मला कापण्यापासून इस्त्रीपर्यंत चार तास सहज लागतात. कारखान्यातली बाई माझ्या कितीतरी पट वेगाने करते, कबूल, पण एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही की मशीन विजेवर चालतं तरी कापड कुणीतरी हातानेच मशीनच्या पायाखाली, सुईपाशी कापड दाबून धरतो त्या, सरकवत असतं, प्रत्येक बाही, प्रत्येक गळा. आपोआप शिवलेला कुर्ता नसतो. मग 299 मध्ये कापड, धागा, शिलाई, पॅकिंग, घरपोच डिलिव्हरी आणि फ्री रिटर्न हे सगळं बसवायचं म्हणजे कुणाचा तरी हिस्सा कापल्याशिवाय बसत नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, आत कपड्यांचे कारखाने होते, 1100 पेक्षा जास्त माणसं गेली, त्यात बायका खूप. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. ती बातमी मी मशीनवर बसूनच टीव्हीवर बघत होते आणि तेव्हापासून स्वस्त कपडा हातात घेतला की आधी ते आठवतं. याचा अर्थ महागड्या ब्रँडचं शिवणाऱ्याला जास्त मिळतं असा नाही बरं, तिथे शिवणाऱ्या मोठ्या-मोठ्या परदेशी ब्रँडचेच कपडे शिवत होत्या.

तर मग घ्यायचं कसं? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, हे उद्या उसवलं तर मी दुरुस्त करायला बसेन का, किंवा तुला शिवता येत नसेल तर, अल्टरवाल्याकडे घेऊन जाशील का? "छे, त्याला कोण शिवत बसणार" असं मनात आलं की ते कार्टमधून काढून टाक. आणि एक कबुली, मी रेडीमेड कमी घेते म्हणून फार साधी आहे असं समजू नकोस, एमटी क्लॉथ मार्केटमधून आणलेल्या कटपीसने माझी लोखंडी ट्रंक भरलीय, झाकण लावायला वर बसावं लागतं. कापड घेतलं म्हणजे शिवलंच असं मनाला वाटतं, तोही शॉपिंगचाच रोग आहे, नुसतं नाव वेगळं.

प्रश्न: सासूबाईंची जुनी महेश्वरी साडी आहे, त्या जाऊन चार वर्षं झाली. घडीवर विरत चाललीय. नणंद म्हणते दोघींना कुर्ते शिवून घेऊ, आठवण अंगावर राहील. मला कात्री लावायला जिवावर येतं. तुम्ही काय कराल? (लोकमान्यनगर)

मी काय केलं ते सांगते, मग तुम्ही ठरवा. आईची महेश्वरी होती, अबोली रंगाची, तिचा मी कुर्ता शिवला, हौसेने, पदराचे पाच पट्टे असतात ना, तीन रंगीत दोन पांढरे, ते बरोबर पाठीवर येतील असे बसवले. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला गेलो, मिलच्या झांक्या बरं का, मिल बंद पडून किती वर्षं झाली तरी त्यांच्या झांक्या निघतातच आणि इंदूर सगळं रस्त्यावर असतं, तर त्या गर्दीत भाचीला दाखवायला म्हणून हात वर केला आणि पाठीत चर्रर्र. घरी येऊन बघितलं तर शिलाई शाबूत! शिलाईला लागून असलेलं कापड फाटलं होतं. मी नवीन पॉलिएस्टरचा दोरा आणि बारीक टाका वापरला होता, म्हणजे म्हाताऱ्या कापडाला तारेने शिवल्यासारखं झालं, ओढ बसली तेव्हा दोरा तुटायला हवा होता तो तुटला नाही, आईची साडी तुटली. त्यात चूक कुणाची असेल तर माझी, कारण कात्री लावायच्या आधी मी कापडाला काही विचारलंच नाही.

विचारायचं असं: साडी उजेडासमोर धरा, जिथे जाळी दिसते तिथे टाचणी नको, खडूने हलकी खूण करा. मग चार-पाच ठिकाणी दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून हळूच बाजूला ओढा. कुरकुर आवाज येऊन चीर गेली तर ते कापड आता अंगावर घालण्यातलं नाही, कितीही चांगला टेलर असो. महेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, घडीवर आधी रेशीम जातं, सूत मागे राहतं, म्हणून उभे धागे तुटून आडव्या रेघांसारखी जाळी दिसते. बरेचदा पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग चांगला असतो कारण त्याला घाम-ऊन कमी लागलेलं असतं, आणि विरतं ते घडीवर आणि बसायच्या जागी.

चांगला भाग निघाला तर कुर्ता करू नका, मी तर म्हणेन जॅकेटही नको, ओढणी करा. ओढणीला शिलाईवर ओढ बसत नाही. शिवायचंच असेल तर प्रत्येक तुकड्याच्या खाली मऊ मलमल लावून दोन्ही मिळून एकच कापड समजायचं, कच्चा धावदोरा घालून घ्यायचा आणि मग शिवायचं, म्हणजे सगळा भार मलमलीवर जातो. दोरा सुती, टाका मोठा, सुई 11 नंबरची नवीन. आणि काठ फेकू नका, महेश्वरीचा काठ दोन्हीकडून सारखा दिसतो, बुगडी म्हणतात त्याला, तो साध्या सुती साडीला लावून मिळतो, तसाच उठून दिसतो.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जिवावर येतंय ना, मग नका लावू कात्री. नणंदेला म्हणा एक वर्ष तुझ्याकडे एक वर्ष माझ्याकडे. साडीच तर एक कपडा आहे की जो न कापता कुणाच्याही अंगाला बसतो, सासूच्या, सुनेच्या, नणंदेच्या. जाडजूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे दरवेळी त्याच रेघेवर मोडणार नाही, आणि डांबरगोळी जरीला टेकवून ठेवू नका.

प्रश्न: मी मिलमध्ये साच्यांवर (मागांवर) काम केलेला माणूस, आता 74 वय. शर्टाची कॉलर घासली की आमची आई ती उलटवून घ्यायची. आता कुणी टेलर करत नाही, म्हणतात काका नवीन घ्या. मुलगा कंजूस म्हणतो. ही पद्धत संपली का? (पाटनीपुरा)

काका, तुमचं पत्र वाचून मी दोनदा हसले, कारण आमच्या घरी हेच चालायचं, वडिलांच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी आई उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदम उलटवायची. कंजूस नाही हो, तुम्ही कापड बनवलंय आणि ज्याने बनवलंय त्याला शर्टाचा मुख्य भाग धडधाकट असताना तो टाकवत नाही.

टेलर करत नाही कारण अर्धा तास लागतो आणि तुम्ही पन्नास रुपयांच्या वर देणार नाही, खरं की नाही? घरात सुनेला, नातवाला कुणालाही दाखवा, अवघड नाही. कॉलर खालच्या पट्टीत जिथे अडकवलेली असते तिथली शिलाई फक्त उसवायची, ब्लेडने हळूहळू, बाकी पट्टी शर्टाला तशीच राहू द्यायची. काढायच्या आधी कॉलरच्या आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर एकेक टाचणी, नाहीतर नंतर एक टोक लांब येतं. मग कॉलर पालटून खालची बाजू वर, मध्याला मध्य जुळवून परत त्याच पट्टीत सरकवून टीप मारायची. अट एकच, कॉलरच्या आत चिकटवलेलं बकरम, म्हणजे ते कडक अस्तर, फुगून फोड आल्यासारखं झालं असेल तर उलटवून उपयोग नाही, आणि टोकाला खालून बटणं असलेली कॉलर असेल तर काजं उलटी दिसतील. मुलाला सांगा, पुढच्या वेळी तुझाच शर्ट आणून दे, कॉलर उलटवून दाखवतो.

प्रश्न: मशीन सारखा धागा तोडतंय, मेकॅनिक म्हणतो शटल बदला.

शटल बदलायच्या आधी सुई बदला, दहा रुपयांची गोष्ट आहे. घरच्या मशीनच्या सुईला वर एक बाजू चपटी असते, ती चुकीच्या दिशेने बसली की हेच होतं. मग मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलून वरचा धागा पहिल्यापासून परत ओवा, पाय खाली असताना ओवला तर धागा टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही. बॉबिनच्या खाली कापूस साचलेला असतो तो जुन्या टूथब्रशने काढा, एक थेंब तेल. एवढ्यानेही नाही झालं तर मेकॅनिकला बोलवा, त्यालाही पोट आहे.

प्रश्न: दिवाळीला कपाट रिकामं केलं, पाच पिशव्या निघाल्या. द्यायचे कुठे? कामवाली बाईसुद्धा नको म्हणते.

नको म्हणते म्हणजे तिचंही कपाट भरलंय! पूर्वी बोहारीण यायची, चार साड्या-दोन पँट घेऊन एक स्टीलचं पातेलं आणि त्यावरही अर्धा तास घासाघीस, आता तीही पॉलिएस्टरला तोंड वाकडं करते. माझी पद्धत अशी की पाच पिशव्यांचे आधी तीन ढीग करायचे. जे मी स्वतः उद्या घालून बाहेर जाऊ शकते तेवढंच दुसऱ्याला द्यायचं, धुऊन, बटणं लावून, चेन चालतेय बघून. महापालिकेची आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) सेंटर आहेत, 2023 च्या मे महिन्यात देशभर सुरू झाली तीच, आपल्या वॉर्डात विचारा, तिथे चांगले कपडे, पुस्तकं, खेळणी घेतात. दुसरा ढीग फाटक्या सुतीचा, तो घरातच राहतो, पोछा, पायपुसणी, गोधडीच्या आतला थर, आणि एक जोडी रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, वेगळी ठेवा, दरवर्षी आयत्या वेळी शोधाशोध होते. फाडायच्या आधी बटणं, चेन, हूक काढून डब्यात, तो माझा बिस्किटांचा डबा आता बाजारातल्या दुकानापेक्षा जास्त व्हरायटी ठेवतो.

तिसरा ढीग खरा त्रासाचा, फाटके सिंथेटिक, लेगिंग, लचकणाऱ्या जीन्स. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून परत धागा करतात आणि ब्लँकेट बनवतात, पण सूत, पॉलिएस्टर आणि इलॅस्टिकचा धागा एकत्र विणलेला असला की तो वेगळा करणं कठीण, म्हणून तो कुणालाच नको असतो. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. मी त्या चिंध्या कापून गाद्या-तक्क्यांत भरते, पण एका घरात तक्के तरी किती ठेवणार. म्हणून हा ढीग घरात येतानाच अडवायचा, म्हणजे पुढची लेगिंग घेताना ही पिशवी डोळ्यासमोर आणायची. आणि तुम्ही पाच पिशव्या काढल्यात, पण त्या जागी काय आणलंत ते पत्रात लिहिलं नाहीत!

प्रश्न: मी बुरहानपूरचा, भंवरकुआंला पीएससीची तयारी करतोय, रूमवर एकटा. शर्टाचं बटण मी लावतो आणि आठवड्यात परत तुटतं. हसू नका.

हसत नाहीये रे, खूप मोठ्या-मोठ्या लोकांना येत नाही. तू बटण कापडाला एकदम घट्ट बांधत असणार, त्यामुळे काजातून लावताना दरवेळी दोऱ्यावर ओढ बसते. दोरा दुहेरी घे, टोकाला गाठ, सुई खालून वर, आणि बटणाच्या वर, दोन भोकांच्या मधे, एक आगपेटीची काडी आडवी ठेव. काडीवरून चार-पाच वेळा टाके घाल. मग काडी ओढून काढ, बटण थोडं वर उचललं जाईल, त्याच्या खाली, बटण आणि कापडाच्या मधे, दोरा पाच-सहा वेळा गोल गुंडाळ, म्हणजे छोटा खांब तयार होईल, आणि सुई खाली नेऊन तिथे दोनदा गाठ मार. दोरा दाताने तोडू नकोस. पहिल्यांदा जुन्या शर्टावर करून बघ, आणि सुई काम झालं की लगेच डबीत, पलंगावर ठेवलीस तर रूममेट बसेल.